रविवारचे सहा बलक

कळवा
१४ जानेवारी २०२५

गंगुताई, तुम्हाला मंजुळाचा जयभीम.

फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तुम्ही "हो हो, जेवले" म्हणायचं, असं होऊन बसलंय. कानाचं मशीन लावत नाही तुम्ही, ते कपाटात जपून ठेवता. म्हणून आज नौपाड्यात गेले तशी पोस्टातून पाकिटं घेऊन आले. आता मला ओरडावं लागणार नाही आणि तुम्हाला ऐकू आल्याचं सोंग करावं लागणार नाही.

आपल्या सुमितची मृणाल नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागली, हे तुम्हाला माहीत आहेच. परवा तिने एक नवीन पुस्तिका आणली, रंगीत, गुळगुळीत कागदाची. म्हणाली, "आजी, वाच ना. तू पण हेच काम करायचीस." करायचे खरी. सव्वीस वर्षं आरोग्यसेविका होते. खांद्याला तक्त्यांची पिशवी आणि चाळीचाळीतून जिने चढायचे. बायकांना सांगायचे की खोबरं टाका, तूप टाका, डबाबंद रिफाइंड तेल आणा, अंड्याचं पांढरं खा, पिवळं नको. माझ्या तक्त्यावर अंड्याच्या बलकावर लाल फुली मारलेली होती.

पुस्तिकेत ती फुली नाही, ताई. निरोगी माणसाने अंडं अख्खं खावं म्हणतात. खोबरं बेतानं चालेल. आणि नाचणी! तुम्ही थापायचात ती काळी भाकरी, जी ह्यांच्या डब्यात द्यायची मला लाज वाटायची, कारण कंपनीतले लोक डब्यात डोकावायचे, तिच्यासाठी दोन पानं दिली आहेत. फोटोत ती चिनी मातीच्या बशीत बसली आहे, वर कोथिंबीर.

मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी बसले. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं, आणि मला हे दिसत होते.

तुमच्या भावाला हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर बारा वर्षं मी त्यांना तक्त्यात बसवलं. दर रविवारी सहा अंडी उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, बलक वेगळे काढायचे. पांढऱ्याची भाजी आम्हाला. पिवळे सहा डब्यात भरून ह्यांच्याच हाती तुमच्याकडे कल्याणला पाठवायचे, रुचिता-सर्वेशसाठी. वाढीची मुलं, त्यांना लागतं, असं माझं म्हणणं. हे नऊला निघायचे, दोनला परत यायचे, पांढऱ्याची भाजी खायचे आणि म्हणायचे, "छान झालीय."

हल्ली दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. कळव्याच्या पुलावर हे उभे असतात, खाली खाडी, हातात तो स्टीलचा कडीचा डबा. मला विचारतात, "उघडू?" आणि मी नको म्हणते.

तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण. एकच विचारते, आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. कधी बोलले का ते तुमच्याजवळ, की मंजुळाने माझी शेवटची वर्षं बेचव केली म्हणून? मला रडू येतं, ताई. ज्याच्यासाठी केलं त्यालाच उपाशी ठेवल्यासारखं वाटतं.

तुमची
मंजुळा

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
२३ जानेवारी

मंजुळे,

जयभीम. पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच, शाळेच्या फळ्यावरचं. माझं चौथी पास अक्षर आहे, डोळे फोडून वाच.

तुझ्या पुस्तिकेचं वाचून मला हसूच आलं. माझ्या डोक्यावरून किती पुस्तिका गेल्या गं. दुष्काळात रेशनला परदेशी ज्वारीचा लाल मिलो आला, तेव्हा म्हणाले हाच खा, ताकद आहे. खाल्ला. पोटं दुखली. मग डालडा आला, पिवळा डबा, त्यात तुळस लावली होती मी नंतर. मग तू आलीस पिशवी घेऊन. म्हणालीस, "ताई, डालडा वाईट, खोबरं वाईट, सुकटीत मीठ फार." मग ओट आले, ते रुचिताने आणले, मी त्याचा चिकट गोळा केला. आता नाचणी परत आली म्हणतेस. ती कुठे गेली होती? मी तर खातच होते.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. कुंडलिक काय बोलणार? आमचा कुंड्या लहानपणापासून गप्प. ताटात पडेल ते खायचा. तू त्याला बारा वर्षं जगवलास असंच आम्ही सगळे म्हणतो. पिवळं मुलं आवडीनं खायची. डबा घासून, त्यात काहीतरी घालून मी परत द्यायची. रिकामा डबा कधी गेला नाही माझ्याकडून.

आता ते उकरू नको. मी स्वतः तर अंडं सोडून किती वर्षं झाली, मला त्यातलं काय कळतं?

गुडघा दुखतो. बाकी ठीक. भेंडी स्वस्त झाली.

गंगुबाई

कळवा
४ फेब्रुवारी

गंगुताई,

जयभीम. तुमच्या पत्राने दोन दिवस हलकं वाटलं. डालड्याच्या डब्यातली तुळस मला आठवते, तुमच्या दाराशी होती. पत्र उशाखाली ठेवून झोपले आणि स्वप्नात हे आलेच नाहीत. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं, बघा.

एक कबूल करून टाकते. तुम्ही डबा भरून परत पाठवायचात, कधी सुकटीची चटणी, कधी बोंबील. मी ते आमच्या शेजारच्या ठमाबाईंना द्यायचे. मीठ फार, म्हणून. त्या अजून विचारतात, "तुमच्या नणंदेची चटणी आता येत नाही का?" रागवा हवं तर.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी सर्वेश आला होता, ठाण्यात त्याचं काही काम होतं. मृणालने हौसेने अंड्याचा रस्सा केला, अख्खी अंडी, पुस्तिकेला साक्षी ठेवून. सर्वेशने जेवताना पांढरं खाल्लं आणि पिवळं ताटाच्या कडेला सरकवलं. मी म्हटलं, "अरे, टाकतोस काय?"

तो म्हणाला, "मामी, पिवळं माझ्या घशाखाली जातच नाही. लहानपणापासून. ताईचं पण सेम."

मी म्हटलं, "आणि मी पाठवायचे ते?"

तो हसला. "तुम्ही पाठवायच्या? मामा काहीतरी डबा आणायचा खरा. पण आम्ही रविवारी सकाळी घरात कुठे असायचो, खाली क्रिकेट."

तो गेल्यावर मी बोटांवर वर्षं मोजली. ताई, रुचिताचं लग्न २००२ साली झालं, ती नाशिकला गेली. सर्वेश तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा बाप्या. आणि मी आपली 'वाढीची मुलं' म्हणून दर रविवारी सहा बलक धाडतेच आहे! आरोग्यसेविका म्हणे. लोकांच्या घरातल्या ताटात काय पडतं ते मला जिन्यावरून वासाने कळायचं, आणि माझ्याच डब्याचं काय होतं ते कळलं नाही.

ते सहा बलक कोण खात होतं?

मंजुळा

कळवा
२ मार्च

गंगुताई,

महिना होत आला, तुमचं पत्र नाही. फोन केला तर तुम्ही "आवाज येत नाय" म्हणून ठेवलात. इतका स्वच्छ आवाज तुम्हाला कधी आला नव्हता.

मी रागावलेले नाही. मला फक्त कळायला हवं. एकाहत्तर वर्षांची झाले, किती दिवस पुलावर उभं करू त्यांना?

मंजुळा

कोळसेवाडी
१७ मार्च

मंजुळे,

चार कागद फाडले. हा पाचवा.

तोच खायचा. दुसरं कोण?

पहिल्या रविवारी डबा घेऊन आला तेव्हा पोरं खाली खेळत होती. मी डबा उघडला. सहा गोळे पिवळेधमक. मी त्याच्याकडे पाहिलं, तो डब्याकडे बघत होता. अंगावर शर्ट लोंबत होता, गाल आत गेलेले. मंजुळे, आई आमची लवकर गेली, त्याला मी कडेवर वागवलाय. मला नाही बघवलं. मी कांदा-सुकं खोबरं भाजलं, लसूण घातला, वाटण वाटलं आणि कालवण टाकलं. बलक शेवटी सोडायचे, पळी लावायची नाही, फुटतात. टोप फडक्यात धरून गोल हलवायचा. तांदळाची भाकरी केली. दोन बलक वाढले. त्याने खाल्ले आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "आक्का, गावच्या घरात बसल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, मंजुळाला कळलं तर मला फाडून खाईल. तर म्हणाला, "तिला सांगू नको. तिला वाईट वाटेल. पण चोरी कुठे आहे? उकडलं तिनं, सोललं तिनं, डबा तिनं भरला. मी तिच्याच हातचं खातो."

मग दर रविवारी तेच. दोन त्याचे. बाकीचे मी आणि पोरांचे वडील. बारा वर्षं. तो यायचा, खायचा, टेकून बसायचा. कधी डोळे मिटायचा. मी पंख्याखाली भांडी आवरायची आणि मला वाटायचं, हे असंच चालू राहावं, घड्याळ पुढे जाऊ नये.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते लिहिते. तो सोमवारी सकाळी गेला. आदल्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी त्याने तिसरा मागितला. म्हणाला, "आक्का, आज अजून एक वाढ." मी वाढला.

तू तेव्हा छाती पिटून म्हणत होतीस, "मी सगळं सांभाळलं हो, एक दिवस चुकवलं नाही, तरी कसे गेले?" मी तुझ्या शेजारी बसले होते. मला माहीत होतं कसा गेला. तुझ्या तक्त्यावर लाल फुली होती आणि मी तीन वाढले होते.

तेव्हापासून मी अंडं खाल्लेलं नाही. तुम्ही सगळे म्हणालात, गंगुबाई धम्माला लागली, विहारात जाते, अंडंसुद्धा सोडलं. मी म्हटलं, म्हणू देत. विहारात मी डोळे मिटून बसते तेव्हा मला तो टोप दिसतो, मंजुळे. मी गोल हलवतेय आणि आत तीन आहेत.

माझा भाऊ मी मारला. आता तू काय ते म्हण. एकोणीस वर्षं वाट बघितली तुझ्या शिवीची.

गंगुबाई

कळवा
२६ मार्च

माझ्या गंगुताई,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग खाली बसले. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी आधी खूप रडले, आणि रडता रडता हसायला लागले. मृणाल धावत आली, तिला वाटलं आजीचं काही बिनसलं.

तिला सगळं सांगितलं. लपवायला आता राहिलंय काय? तिने नीट ऐकून घेतलं, दवाखान्यात ऐकते तसं, मान तिरकी करून. तिला म्हटलं, "मला आजी म्हणून सांगू नको. समोर पेशंट बसलाय असं समजून सांग."

ती म्हणाली, "आजी, ज्याला एकदा झटका येऊन गेलाय त्याला आम्ही अजूनही जपूनच खायला सांगतो. ती पुस्तिका धडधाकट माणसासाठी आहे. पण रविवारचे दोन बलक आणि एका दिवशीचा तिसरा, त्याने सोमवारी माणूस जात नाही. आजोबा बिड्या किती ओढायचे? रात्रपाळ्या किती केल्या? त्यांचे वडील कितव्या वर्षी गेले?"

ताई, तुमचे बाबा बावन्नाव्या वर्षी गेले. आणि ह्यांच्या बिड्या! पुलाच्या टोकाला टपरी होती, तिथे दिवसाला एक बंडल. मी बलकाशी बारा वर्षं भांडले आणि बिडीपुढे मात्र दमले. बिडीवरून बोललं की ते दोन दिवस अबोला धरायचे, बलकावरून काही म्हणायचे नाहीत. माणूस जिथे जोर चालतो तिथेच चालवतो. मृणाल शेवटी म्हणाली, "तुझ्या लाल फुलीने ते वाचले नाहीत आणि गंगूआजीच्या कालवणाने ते गेले नाहीत. तुम्ही दोघींनी मिळून एका माणसाला जेवू घातलं, एवढंच झालंय."

तिचीही पुस्तिका बदलेल. तिची नात तिला विचारेल, "आजी, तुम्ही लोकांना नाचणीचे लाडू का खायला लावायचात?" तेव्हा तिच्या स्वप्नात कोण येत असेल कुणास ठाऊक.

पण तुम्ही मला काय दिलंत ते तुम्हाला कळलं नाही. मी दोन महिने मनाशी घोकत होते की ते बारा वर्षं अर्धं अंडं खाऊन जगले. आता हिशोब मांडून बघा. नऊला निघायचे, तुमच्याकडे पिवळं खायचे, दोनला घरी येऊन पांढरं खायचे. अख्खंच खात होते की! अर्धं कल्याणला, अर्धं कळव्याला. आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, "आमच्या ह्यांना प्रवासाने भूक लागते."

शिवीची वाट बघता म्हणता. घ्या: लबाड कुठल्या! एकोणीस वर्षं एकट्या सोसत बसलात ही तुमची चूक. त्याची शिक्षा मी ठरवते. तुम्ही अंडं खायचं. धम्मासाठी सोडलं असतं तर मी हात जोडले असते आणि एक शब्द बोलले नसते. पण तुम्ही ते भीतीने सोडलंत, आणि भीती माझ्या तक्त्याची होती. तो तक्ता मी काल माळ्यावरून काढला. वाळवीने तसाही अर्धा खाल्लाय. तिला काही झालेलं दिसत नाही.

काल दुपारी पुन्हा डोळा लागला. हे पुलावरच होते. खाडीला भरती होती, पाणी वर आलं होतं. मला विचारलं, "उघडू?" मी म्हटलं, उघडा. त्यांनी कडी काढली आणि डबा माझ्यासमोर धरला. आत काहीच नव्हतं, ताई. चाटूनपुसून साफ केलेला. मग ते हसले, ते हसायचे तसेच, ओठ मिटून, आणि चालायला लागले. कल्याणच्या बाजूला का माझ्या बाजूला, ते काही मला कळलं नाही.

मी ह्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी येते. कालवण शिकवा. टोप कसा हलवायचा ते मला बघायचंय.

तुमची
मंजुळा

कोळसेवाडी
३ एप्रिल

मंजुळे,

जयभीम. तुझं पत्र सर्वेशकडून वाचून घेतलं, मला सगळं दिसेना. डोळ्याला पाणी येत होतं. त्याने मधेच थांबून विचारलं, "आई, मामा आपल्याकडे खाण्यासाठी यायचा?" मी म्हटलं, "माझ्याकडे यायचा. खाणं आपलं निमित्त होतं."

मग त्याला दोन अंडी आणायला सांगितली. तो बघतच राहिला. दुकानातून धावत घेऊन आला, सहा.

एक उकडलं. सोलायला बसले तर नखाला सवय राहिली नाही, टवके निघाले. मधोमध कापलं. मीठ घेतलं आणि पिवळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. घशाला लागला. कोरडं असतं गं ते, विसरले होते. पाणी प्याले. दाराकडे बघितलं, कारण तो तिथे चपला काढायचा. कोणी नव्हतं. ऊन आलं होतं नुसतं. मग उरलेलं सावकाश खाल्लं. सगळं खाल्लं.

आज चार दिवस झाले. मला काही झालेलं नाही.

तुझी ठमाबाई माझी चटणी बारा वर्षं खात होती, हे मात्र मी विसरणार नाही. तिला घेऊन ये एकदा, बघते तिला. तुझ्यासाठी सुकट आणून ठेवलीय, मीठ कमी घालते. तुझ्या नातीला विचार किती कमी.

रविवारी दहापर्यंत ये. पांढरं-पिवळं वेगळं करत बसू नकोस, अंडी इथेच आहेत. तो कडीचा डबा तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. रिकामाच आण.

गंगुबाई